एका डोळ्याचा पाहुणा

बबल रॅपची शेवटची पट्टी सुटली आणि सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"अगं बाई! हा कोण?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"माहीत नाही, आणि घरात आणलंस?"

माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. मी डोंबिवलीची, दिली पेणला. लग्नाआधी मुंबईच्या एका म्यूझियममध्ये जुन्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्या विभागात होते. एका हिवाळ्यात तिथे परदेशातून रोमन वस्तूंचं प्रदर्शन आलं. त्यातल्या ब्राँझच्या एका डोक्याची देखभाल माझ्याकडे होती. रोज सकाळी बॅटरी आणि भिंग घेऊन त्याचा एकेक ओरखडा तपासायचा, कालच्यापेक्षा काही वेगळं दिसतंय का बघायचं. घरच्यांपेक्षा जास्त मी त्याचं तोंड बघत होते. माझं लग्न ठरलं तेव्हा विभागातल्या मंडळींनी त्याच डोक्याचा फोटो मोठ्या कॅनव्हासवर छापून, लाकडी चौकटीवर ताणून मला आहेर केला. खिडकीएवढा मोठा. त्यांना तो विनोद वाटला होता आणि मलाही.

सासरी मात्र तो विनोद कोणाला कळेना.

हिरवट काळं ब्राँझ, मानेपासून वर. नाकाचा शेंडा चेपलेला, कानशिलापासून गालापर्यंत तडा गेलेला. एक डोळा जागेवर होता, पांढऱ्या दगडाचा. दुसऱ्याच्या जागी काळा खड्डा.

"रोमन आहे, आई. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा."

"आणि डोळा?"

"पडला कधीतरी."

"मग इतक्या वर्षांत कोणी बसवला नाही?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. शेजारच्यांच्या सुनेने पोराला लस टोचली नाही म्हटल्यावर असायची तशी.

तेवढ्यात तात्या, म्हणजे माझे सासरे, आत आले. ते चित्रासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "हे इथे नको."

आमचा गणपतींचा कारखाना. घराच्या मागच्या दाराने बाहेर पडलं की चार पावलांवर. शाडूच्या मूर्तीचं बोट जरी उडालं तरी तात्या ती कारखान्याबाहेर जाऊ देत नसत, भिजवून पुन्हा मातीत कालवत. अशा घरात सुनेने फुटक्या डोळ्याचं, तडकलेलं डोकं आणलं होतं.

"तात्या, ही देवाची मूर्ती नाही," मी म्हटलं. "कोणीतरी माणूस होता. व्यापारी असेल, नाहीतर कोणाचातरी मामा."

"मामाला तरी एका डोळ्याने कसं चालेल?"

नव्या सुनेने याच्यापुढे बोलू नये एवढं मला कळत होतं. पण तो आहेर माझा होता आणि त्या घरात पूर्णपणे माझी म्हणावी अशी ती एकच वस्तू होती. मी चित्राची कड धरून तशीच उभी राहिले. शेवटी निनादने, माझ्या नवऱ्याने, तोडगा काढला. चित्र माडीवर आमच्या खोलीत लागेल आणि दिवेलागणीला त्याच्यावर कापड पडेल. ते काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. रोज संध्याकाळी त्या वर यायच्या, जुना पंचा त्याच्या तोंडावरून सोडायच्या आणि म्हणायच्या, "झोपा आता, मामा."

तो मामा झाला तो असा.

---

त्या वर्षी घरात सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते. तात्या ब्रश कधी हातात घेतात त्याची.

गणपतीचे डोळे शेवटी काढतात. त्याला आखणी म्हणतात. माती, साचा, घासकाम, अंगाचा रंग, पितांबर, दागिने हे सगळं दहा हातांनी होतं. मोठ्या मूर्तींची आखणी एकाच हाताची. आमच्या कारखान्यात तो हात तीस-पस्तीस वर्षं तात्यांचा होता. लोक लांबून यायचे ते त्यांच्या डोळ्यांसाठी. तात्यांचा गणपती नुकतंच पोटभर जेवण झालेल्या माणसासारखा बघायचा. तृप्त, किंचित सुस्त, कोणाचंही म्हणणं ऐकून घ्यायला तयार.

आमच्या लग्नाआधी, दिवाळीनंतर तात्यांना झटका आला होता. सौम्य. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, हात चालायला लागला, डॉक्टरांनी पाठ थोपटून घरी पाठवलं. ते कारखान्यात येऊन बसत, माती मळणाऱ्यावर ओरडत, रंग स्वतः कालवत. आखणीचं नाव मात्र काढत नसत.

दर वर्षी पाडव्याला पहिली आखणी व्हायची. त्या पाडव्याला तात्या म्हणाले, हवा दमट आहे, रंग ओढणार नाही. मग म्हणाले, रामनवमी होऊन जाऊ दे. मग ब्रशचे केस बरोबर नाहीत म्हणून निनादला मुंबईला पिटाळलं. त्याने आणलेल्या ब्रशांकडे बघून ते म्हणाले, याने घर सारवा.

परदेशी जाणाऱ्या मूर्ती आधी तयार व्हाव्या लागतात. मेलबर्नच्या मंडळाची ऑर्डर अक्षय्य तृतीयेनंतर बोटीवर चढायची होती. मंडळाचे प्रधान नावाचे गृहस्थ दर वर्षी त्या सुमाराला पुण्याला बहिणीकडे यायचे आणि तिथून मुद्दाम पेणला येऊन मूर्ती बघून जायचे. त्या मूर्ती फळ्यांवर रांगेने तयार होत्या. रंग झाला होता, मुकुट चढले होते, दागिने झाले होते. डोळ्यांत नुसता पांढरा भरलेला. सकाळी कारखान्याचं दार उघडलं की ते सगळे आंधळे गणपती समोर यायचे.

हरिश्चंद्र ठाकूर आमचा जुना कारागीर. लहान मूर्तींचे डोळे तो काढायचा. मोठ्यांचे काढ म्हटलं की तो कानाला हात लावायचा. "माजे डोले बटनावानी येतान, वैनी," तो म्हणायचा. "तात्यांचं काम तात्यांनीच करावा." मग आवाज उतरवून विचारायचा, "काय बोलले का घरात?"

घरात कोणी काही बोलत नव्हतं. निनादने एकदा नुसतं विचारलं, दुसरा कोणी माणूस बघू का. तात्या ताटावरून उठले. त्यानंतर कोणाची छाती झाली नाही. सगळे त्यांना सांगत राहिले की होईल, येईल हात, घाई काय आहे. सासूबाई त्यांना चहा अर्धा कपच द्यायच्या आणि संपला की पुन्हा भरायच्या. मला वाटायचं, गरम राहावा म्हणून.

---

एका सकाळी तात्या जिना चढून आमच्या खोलीच्या दाराशी आले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. मी घाईघाईने खुर्चीवरचे कपडे उचलले. ते खुर्चीवर बसले नाहीत, सरळ चित्राजवळ गेले.

"हा डोळा कशाचा?" जागेवर असलेल्या डोळ्याकडे त्यांनी बोट केलं.

"पांढरा दगड. बुबुळाला काच वापरत असावेत. डोळा वेगळा बनवून खोबणीत बसवायचे. रोममध्ये नुसते पुतळ्यांचे डोळे बनवणारे कारागीर होते, असं आम्हाला शिकवलं होतं."

"नुसते डोळे?"

"नुसते डोळे."

तात्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे धंदा जुना आहे आपला," ते म्हणाले. मग त्या खड्ड्याकडे वळून, "तुम्ही लोक याची डागडुजी करत होता ना? मग डोळा का नाही बसवलात?"

मी माझं पाठ केलेलं उत्तर दिलं. जे हरवलं ते नक्की कसं होतं हे माहीत नसेल तर आपल्या मनाने भरायचं नाही. तडा वाढू द्यायचा नाही, गंज चढू द्यायचा नाही, एवढंच आमचं काम.

"शेजारी दुसरा डोळा आहे की. त्याच्यावरून कळत नाही?"

"दोन डोळे सारखे नसतात, तात्या."

हे मी बोलून गेले आणि मग लक्षात आलं आपण कोणाला सांगतोय. पण तात्या रागावले नाहीत. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "नसतात. हे कळायला मला दहा वर्षं लागली होती."

चित्राच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी त्या खड्ड्यात डोकावून बघितलं. बोटाने कॅनव्हासचा खरखरीतपणा चाचपला.

"याला खाली घेऊन चल. कारखान्यात लावू."

माझा कानांवर विश्वास बसेना. सासूबाईंचा तर डोळ्यांवरही बसला नाही. चित्र जिन्यावरून उतरताना त्या हातात पंचा घेऊन मागून आल्या आणि विचारत राहिल्या, अहो, गणपतींच्या समोर? तात्यांनी कोणाचं ऐकलं नाही. त्यांची बसायची जागा खिडकीशी होती, उजेड डावीकडून यायचा. तिथेच भिंतीला, त्यांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, हरिश्चंद्रने खिळा मारला.

कारखान्यात मामाचा पाहुणा झाला. पाहुण्यांना चहा विचारा, पाहुण्यांना डासांची अगरबत्ती लावा, पाहुणे काणा डोळा मारतायत. एकाने त्याच्या डोक्यावर कागदी टोपी चढवली, ती तात्यांनी काढायला लावली. मी तिथेच दागिन्यांच्या कामाला बसायचे. म्यूझियममध्ये लघुचित्रांवरच्या बारीक जागा झिरो नंबरच्या ब्रशने भरायची सवय होती, तेव्हा मोत्यांच्या माळा, बाजूबंद, कमरपट्टा हे काम मला मिळालं होतं. बायकांनी आखणी करू नये असं त्या कारखान्यात कधी कोणी म्हटलं नव्हतं. तो विषयच कधी निघाला नव्हता.

तात्या दिवसभर खिडकीशी बसून त्या चित्राकडे बघायचे. अक्षय्य तृतीया जवळ आली होती आणि फळ्यांवरचे डोळे पांढरेच होते. निनादला झोप लागत नव्हती.

---

त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. कारागीर जेवायला घरी गेलेले, सासूबाई आडव्या झालेल्या. माझा चष्मा कारखान्यात राहिला होता म्हणून मी मागच्या दाराने गेले.

तात्या माझ्याकडे पाठ करून उभे होते, चित्रासमोर. उजव्या हातात ब्रश. उजवं मनगट त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरलं होतं, कोणी पळून जाईल म्हणून धरावं तसं. खालच्या स्टुलावर पांढऱ्या आणि काळ्या रंगाच्या वाट्या.

मी पुढे गेले. त्या काळ्या खड्ड्यात डोळा होता. पांढरा भरलेला, बुबुळ काढलेलं, पापणीची रेघ ओढलेली.

आधी मला राग आला. एक हिवाळाभर मी ज्या चेहऱ्याला हातमोज्यांशिवाय बोट लावलं नव्हतं, त्याच्यावर कोणी रंग फासावा? मी तोंड उघडणार, तेवढ्यात तात्या वळले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि शाळेत पकडलेल्या मुलासारखे ते माझ्याकडे बघत होते.

"रागावलीस?"

"हे कशाला केलंत, तात्या?"

"मग कोणावर करून बघू?" त्यांनी फळ्यांकडे मान वळवली. "त्यांच्यावर? बिघडला तर? रंगलेला गणपती मी माझ्या हाताने कसा बिघडवू?" ब्रश त्यांनी वाटीवर आडवा ठेवला, दोनदा प्रयत्न करून. "हा आधीच मोडलेला. याचं आणखी काय बिघडणार होतं?"

तेव्हा मला कळलं. पाहुण्याला खाली का बोलावलं, खिळा हाताच्या उंचीवर का मारायला लावला, कॅनव्हास बोटाने का चाचपला. अर्धा कप चहाही तेव्हाच कळला. राग कुठल्या कुठे गेला.

"एक काम कर," तात्या म्हणाले. "खरं सांग. घरातली म्हणून नको. ती भिंगवाली म्हणून बघ आणि सांग."

मी चष्मा शोधून लावला आणि जवळ गेले. खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी मला ज्या नात्याने विचारलं होतं, त्या नात्यात खोटं बसत नव्हतं.

"पापणीची रेघ थरथरली आहे," मी म्हटलं. "मधे आणि शेवटाला. बुबुळ खाली घसरलंय. हा वर बघत नाही, झोपेत आहे."

तात्या आपल्या जागेवर बसले. मला भीती वाटली, त्यांना काही होतंय की काय. पण त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि त्यांचे खांदे खाली आले.

"दिवाळीपासून पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो होईल. ही म्हणते होईल. हरिश्चंद्र कसलंसं तेल घेऊन येतो. मला माहीत आहे, हेमांगी. पेला उचलताना माहीत असतं मला."

मी काळ्या रंगाची वाटी बाजूला सरकवली.

"पूस ते," ते म्हणाले. "कोणी यायच्या आत."

पाण्यातला रंग होता आणि अजून ओला होता. मी काडीला कापूस गुंडाळला, पाण्यात बुडवून निथळला आणि त्या डोळ्यावरून फिरवायला लागले. घासायचं नसतं, काडी बोटांत लाटत न्यायची असते, एकदा रंग लागला की तो कापूस टाकून दुसरा घ्यायचा. खालच्या छपाईला धक्का न लावता आधी पापणी निघाली, मग बुबुळ, मग पांढरा. हळूहळू खड्डा जसा होता तसा काळा दिसायला लागला. मी शेवटची काडी खाली ठेवली तेव्हा लक्षात आलं की तात्या चित्राकडे बघतच नव्हते. ते माझ्या हाताकडे बघत होते.

"हात दाखव."

मी हात पुढे केला. त्यांनी तो ज्योतिष्यासारखा धरला नाही. नुसता हवेत सरळ ठेवायला सांगितला आणि बोटांच्या टोकांकडे बघत राहिले.

"त्या मोठ्याच्या बाजूबंदाचे मोती तू काढलेस ना?"

"हो. पण दागिने वेगळे आणि डोळे वेगळे, तात्या."

"ते मला सांगतेस?" ते म्हणाले आणि त्यांच्या आवाजात खट्याळपणा आला. त्यांनी ब्रश धुतला, ओठांनी त्याचं टोक जुळवलं आणि माझ्यापुढे धरला. ब्रशाचं टोक थरथरत होतं. मी तो घेतला तेव्हा थांबलं.

---

दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की आम्ही दोघं कारखान्यात जायचो आणि आतून कडी लावायचो. कारागिरांना तात्यांनी सांगून टाकलं की आखणी सुरू आहे, उन्हं उतरेपर्यंत कोणी यायचं नाही. हरिश्चंद्रने ते ऐकून मागच्या मागे देवीला नारळ बोलला.

आधी तात्यांनी मला मातीच्या मोडक्या मुखवट्यांवर बसवलं. ते शेजारी बसून हवेत बोट फिरवायचे आणि मी त्या बोटाकडे बघून रेघ ओढायचे. बोट थरथरायचं, पण त्याच्यामागची रेघ कुठून कुठे चाललीय हे मला थोड्याच वेळात कळायला लागलं. कधी ते खेकसायचे, "भुवई आहे ती, विळा नाही." कधी म्हणायचे, "डोळ्याकडे बघत बसू नकोस, सोंडेकडे बघ, अंतर तिथून कळतं." रेघ ओढताना श्वास धरायचा. सुरू केली की थांबायचं नाही, चुकतेय असं वाटलं तरी. खालच्या पापणीपाशी मात्र ते एकदम हळू बोलायचे.

"इथे किंचित वर उचल. अगदी किंचित. समाधान इथे असतं."

त्यांचं गुपित ते होतं. पस्तीस वर्षं ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पोटच्या मुलालाही नाही, कारण त्याने कधी विचारलं नव्हतं.

तात्या पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "एवढ्यात कोणाला बोलू नकोस. आधी जमतंय का बघू." पहिल्या मोठ्या गणपतीचे डोळे झाले तेव्हा त्यांनी ते लांबून बघितले, जवळून बघितले, खिडकी अर्धी लोटून अंधारात बघितले. मग पुढच्या मूर्तीकडे बोट केलं. मला एवढा आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं, पण कडी लावलेली होती. सांगायला जवळ कोण होतं, तर पाहुणा. तो आजही त्याच खिळ्यावर आहे आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, याचा डोळा कुठे गेला.

रोज संध्याकाळी कारागीर आत यायचे, डोळे उघडलेल्या मूर्ती बघायचे आणि तात्यांच्या पाया पडायचे. तात्या "हां, हां" म्हणायचे. निनादने तर रात्री जेवताना सांगून टाकलं, तात्यांचा हात पूर्वीपेक्षा बरा झालाय. मी भात कालवत राहिले. मी स्वतःची समजूत घातली होती की हे असंच चालणार. नाव तात्यांचं, हात माझा. ऑर्डर जाईल, त्यांचा मान राहील, घर शांत झोपेल. यात वाईट काय आहे? काही नाही. तरी टोचत होतं, हे खरं.

---

अक्षय्य तृतीयेला सकाळी प्रधान आले. साठीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस. चप्पल बाहेर काढून आत आले आणि सगळ्यात मोठ्या मूर्तीसमोर उभे राहिले ते उभेच राहिले. हरिश्चंद्र, बाकीचे कारागीर, निनाद, सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी दाराशी होते.

आमच्याकडे पहिल्या आखणीनंतर एक रीत असते. आखणी करणारा पाटावर बसतो, घरची बाई त्याला ओवाळते, कुंकू लावते, हातात नारळ देते. ती पाडव्याला व्हायची ती त्या वर्षी अक्षय्य तृतीयेवर गेली होती. तात्या धोतर नेसून पाटावर बसले होते. सासूबाई निरांजन लावलेलं ताट घेऊन मागच्या दाराने येत होत्या.

प्रधान वळले. त्यांचे डोळे भरले होते.

"तात्या, तुम्हाला आता सांगतो. तुमच्या आजारपणाचं कळलं तेव्हा मंडळात चर्चा झाली, या वर्षी दुसरीकडून मूर्ती घ्याव्यात का. मीच म्हटलं, आधी बघून येतो." त्यांनी तात्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "हात परत आला तुमचा. देवाची कृपा."

"आलाच," हरिश्चंद्र मागून म्हणाला.

तात्यांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी ती हलण्याची वाटच बघत होते. त्यांनी आपले हात प्रधानांच्या हातांत तसेच राहू दिले. मग म्हणाले, "नीट धरा."

प्रधानांना कळेना.

"धरलेत ना? काय लागतंय हाताला?"

प्रधान खाली बघायला लागले. ते हात थरथरत होते आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"आला नाही हात," तात्या म्हणाले. "येणारही नाही. हे डोळे माझ्या सुनेने काढले. मी शेजारी बसलो होतो. तुम्हाला आवडले असतील तर तिला सांगा, आणि नसतील तर तसं तिलाच सांगा. खरं ऐकायची तिची तयारी असते."

निनाद माझ्याकडे बघत होता. प्रधान पुन्हा मूर्तीकडे वळले आणि एकेक डोळा जवळून बघू लागले. शेवटी ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पुढच्या वर्षीही याच हाताचे हवेत."

सासूबाई ताट घेऊन तात्यांसमोर आल्या होत्या, सवयीने. तात्यांनी जमिनीला हात टेकला, हरिश्चंद्रच्या आधाराने पाटावरून उठले आणि बाजूला झाले.

"बस," ते मला म्हणाले.

मी साध्या कामाच्या साडीत होते, बोटांना रंग लागलेला. तशीच बसले. सासूबाई ओवाळायला लागल्या तेव्हा मी पुटपुटले, आई, तुम्हाला सांगायचं होतं, पण तात्या म्हणाले होते...

"दुपारी दोन कप दाराबाहेर कोण ठेवत होतं?" त्या म्हणाल्या. "एक अर्धा आणि एक भरलेला."

त्यांनी कुंकू लावलं, नारळ माझ्या ओंजळीत ठेवला. इतके डोळे काढताना जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. माझे दोन्ही हात लटलट कापायला लागले. नारळ सांभाळता येईना.

"अगं, हात बघ किती थरथरतायत तुझे," सासूबाई म्हणाल्या.

"थरथरू दे," तात्या म्हणाले. "काम झालंय."